आक्काचा अकराचा फोन

आमच्या हिच्या मामांइतका तारेवर विश्वास असलेला माणूस अख्ख्या पृथ्वीच्या पाठीवर दुसरा सापडायचा नाही. देवावरही त्यांचा विश्वास आहे, पण बेताचा. देव दिसत नाही याबद्दल त्यांची तक्रार नाही, त्याच्यापर्यंत जाणारी वायर दिसत नाही याबद्दल आहे. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून त्यांनी उभा जन्म काढला आणि निवृत्त होऊन आगरदांड्याजवळ खाडीकाठच्या आपल्या गावी येऊन राहिले. निवृत्त झाले ते पगारापुरते. अजूनही रस्त्यानं चालताना त्यांची नजर माणसांपेक्षा खांबांवर जास्त असते. लग्नानंतर आम्ही जोडीनं त्यांच्या पाया पडायला गेलो, तर मी वाकलेला असताना त्यांनी माझ्या पाठीवरून समोर बघितलं आणि आशीर्वाद म्हणून, "तो कोपऱ्यावरचा खांब कललाय हो," एवढंच म्हणाले. मी बराच वेळ तसाच वाकून होतो, कारण आशीर्वाद संपला की नाही हे मला कळेना.

खात्याची शिस्त त्यांनी घरात जशीच्या तशी आणून ठेवली आहे. मोरीचा नळ गळत असेल तर मामींना नुसतं सांगून चालत नाही. दाराशी खिळ्याला लटकवलेल्या वहीत तक्रार नोंदवावी लागते. मामा तिला नंबर देतात, क्रमानं तिची दखल घेतात आणि काम झालं की "तक्रारदाराचे समाधान झाले" या रकान्यात मामींची सही घेतात. मामींनी एकदा भांडणाच्या भरात "नवऱ्याचा स्वभाव" अशी तक्रार लिहिली होती. मामांनी शांतपणे शेरा मारला, "जुनी लाइन. दुरुस्ती शक्य नाही." मामींनी त्यावरही सही केली, हे मी स्वतः पाहिलं आहे.

तपासणीची त्यांची पद्धतही वेगळीच. मीटर वगैरे यंत्रं त्यांच्याकडे आहेत, पण ती पाहुण्यांना दाखवायला. फोनच्या दोन तारा ते सरळ जिभेवर ओल्या केलेल्या अंगठ्याखाली धरतात आणि दुसऱ्याला रिंग द्यायला सांगतात. रिंग आली की खांद्यापर्यंत झटका बसतो, तेव्हा त्यांचा चेहरा असा काही उजळतो की बघणाऱ्याला वाटावं, यांना लॉटरी लागली. "आली! चांगली खणखणीत आहे," असं ते म्हणतात. झटका बेताचा बसला तर मात्र दिवसभर उदास असतात.

या माणसाच्या गावात एक दिवस ब्रॉडबँडची केबल आली आणि त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा अपमान घेऊन आली. नारळाची झावळी पडून ती केबल तुटली. मामा कुणाचीही वाट न पाहता शिडी घेऊन वर चढले, पातीनं साल सोलली, आतली बारीक तार हातभर मोकळी केली आणि उभ्या जन्मात हजारदा मारला होता तसा पीळ मारायला गेले. तर ती कटकन मोडली. दुसऱ्यांदा मोडली, तिसऱ्यांदा मोडली. शेवटी टोकं एकमेकांना टेकवून त्यांनी वरून काळी टेप गुंडाळली आणि "झालं काम" म्हणून खाली उतरले. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला, त्यानं टेप सोडली आणि विचारलं, "आजोबा, हे कुणी केलं? काच हाय ती आतमंदी. काचेला कुणी गाठ मारतं व्हय?" मामा त्या दिवशी जेवले नाहीत. काचेतून उजेड जातो आणि उजेडातून माणसाचा आवाज जातो, ही गोष्ट आपल्याला कुणी सांगितली नाही याचं त्यांना वाईट वाटलं होतं. पण तिसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन आला. "जावईबापू, उजेडातनं आवाज जातो म्हणतात. कसा जातो हो?" मी अलिबागच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, म्हणून जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं माझ्या कपाटात असतात असं त्यांना वाटतं.

थोड्याच दिवसांत कळलं की तांब्याच्या जुन्या लाइनी बंद व्हायच्या आहेत. त्यांच्या गावच्याही आणि तिकडे तळा गावच्याही. नव्या जोडणीला नवा नंबर मिळणार, जुना जाणार. ज्यांच्याकडे अजून जुना फोन होता त्यांनी मोबाइल दाखवून खांदे उडवले. मामांनी मात्र वर्तमानपत्र वाचायचं सोडून दिलं आणि त्या जागी एका परदेशी यंत्राचं माहितीपुस्तक वाचायला घेतलं. आंघोळ करून, पाटावर बसून, ओळीखाली फूटपट्टी धरून ते वाचत. इंग्रजी अडलं की मला फोन. यंत्राचं नाव व्हीओआयपी गेटवे. मामा त्याला पेटी म्हणत. तिच्या एका भोकात जुना फोन बसवायचा, दुसऱ्यात ब्रॉडबँडची वायर. एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही, तर पेटीनं मधे बसून दुभाष्याचं काम करायचं. त्यातही त्यांना आकडे फिरवायच्या काळ्या फोनची टकटक समजणारीच पेटी हवी होती आणि ती सहजासहजी मिळत नव्हती. शेवटी मुंबईत एका दुकानात दोन सापडल्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचला बसून मामा त्या घेऊन आले, तेव्हा पिशवी पूर्ण वेळ मांडीवर होती. शेजारच्या बाईनं विचारलं, "आंबे का?" तर म्हणाले, "नाही, बहीण आहे." बाई जागा बदलून बसली.

हे उत्तर त्यांनी मला स्वतः, अगदी सरळ चेहऱ्यानं सांगितलं, तेव्हा एवढ्या खटाटोपामागचं कारण मला पहिल्यांदा कळलं. मामांची मोठी बहीण, आमच्या हिची थोरली मावशी, तळ्याला एकटी राहते. सगळे तिला आक्का म्हणतात. काचबिंदूनं तिची नजर गेली आहे; दार आणि खिडकी एवढाच फरक कळतो. तिला मोबाइल घेऊन दिला होता, पण गुळगुळीत काचेवर तिला काही लागत नाही. एकदा पोलिसांना फोन गेला, एकदा दोन दिवस पदराखाली त्याची टॉर्च पेटलेली राहिली. पण काळ्या फोनच्या तबकडीची भोकं मोजत तिचं बोट बरोबर फिरतं. मामांचा सहा आकडी नंबर हा तिला पाठ असलेला एकुलता एक नंबर. रोज चुलीवर भात ठेवून झाला की अकराच्या सुमारास ती तो फिरवते. मामांनी उचलला की विचारते, "हायस ना?" मामा म्हणतात, "आहे." मग ती काय शिजवलंय ते सांगते आणि ठेवते. मामा गावी परतल्यापासून हे एकदाही चुकलेलं नाही. "नंबर बदलला तर ती नवा नंबर पाठ करू शकणार नाही," मामा म्हणाले, "आणि एक दिवस फोन लागला नाही, तर तिच्या लेखी मी गेलो."

एक पेटी मामांनी आपल्या घरी बसवली, आणि आक्काकडे ब्रॉडबँडची वायर आली तशी दुसरी आम्ही दोघांनी तळ्याला जाऊन तिच्या घरात बसवली. मामांनी सवयीप्रमाणे अंगठा ओला करून तारा धरल्या, मी मोबाइलवरून रिंग दिली, आणि त्यांचा चेहरा पडला. "नुसत्या गुदगुल्या होतायत. एवढ्यानं घंटी वाजणार नाही." खरोखरच घंटी वाजली नाही, तिनं फक्त घसा खाकरल्यासारखा आवाज केला. पेटीच्या आत रिंगचा जोर वाढवायची सोय होती. मी ती शोधून दिली, मामांना हवा तसा झटका बसला आणि घंटी घरभर घुमली. तांब्याच्या तारेला वीज एक्स्चेंजमधून मिळायची, त्यामुळे गावात अंधार असला तरी फोन चालायचा. पेटीला ते जमत नाही, म्हणून फळीवर एक बॅटरीही ठेवली. आक्कानं चाचपडत तिला हळदकुंकू लावलं. आता जुन्या नंबराचं काय, हे मला कळत नव्हतं. मामांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "नंबर आक्कानं जुनाच फिरवायचा. बदलायचा तो पेटीनं." पेटीला तसा नियम लिहून देता येत होता: या फोनवरून जुने सहा आकडे आले, की तू बाहेर नवा नंबर पाठव. मी माझ्या मोबाइलवरून जुना नंबर लावून बघितला, तर हा नंबर अस्तित्वात नाही असं एका बाईनं सांगितलं. साऱ्या जगात तो फक्त तळ्यातल्या एका फोनवरून लागत होता. मला त्याचं एवढं नवल वाटलं की मी तीन वेळा लावून पाहिला.

पण आठवडाभरात घोटाळा झालाच. एक दिवस अकराला घंटी वाजली, मामांनी उचलला. "हायस ना?" आक्कानं विचारलं. "आहे," मामा म्हणाले. "हायस ना रे?" तिनं पुन्हा विचारलं. मामा ओरडले, "आहे! आहे!" शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी उभ्या राहिल्या, पण आक्काला ऐकू गेलं नाही. तिचा आवाज येत होता, यांचा जात नव्हता. दुसऱ्या दिवशीही तेच. मामा पेटीच्या पुस्तकात डोकं घालून बसले आणि तिसऱ्या दिवशी अकराला फोनच आला नाही. दुपारी अंगणात आक्का उभी. शेजारणीचा हात धरून, दोन एसट्या बदलून, जेवणाचा डबा घेऊन आली होती. मामा पुढे झाले तशी तिनं दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा, कान, नाक चाचपून बघितलं. "हायस," ती म्हणाली, आणि मग जी सुरू झाली! "तोंडात मिठाची गुळणी धरलीवतीस व्हय रे? दोन दिस इचारतेय, जित्या मानसानं व्हय तरी म्हनावं!" मामा मान खाली घालून ऐकत होते. हे मला सांगताना मामींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मामांनी उगाचच खांबाकडे बघितलं.

दोष सापडला तो मामांच्याच घरच्या राउटरमध्ये. असल्या फोनना मदत व्हावी म्हणून त्यात एक सोय आपोआप चालू असते आणि तीच मधे लुडबुड करून एका बाजूचा आवाज हरवते, हे मी बरंच शोधून त्यांना सांगितलं. ती सोय बंद केली आणि दोन्हीकडचं ऐकू यायला लागलं. "म्हणजे मदत थांबवली तेव्हा काम झालं," मामा म्हणाले. "आमच्या खात्यात असे दोन साहेब होते."

गेल्या महिन्यात मामांचे गुडघे धरले होते, म्हणून तळ्याची बॅटरी बदलायला मी एकटाच गेलो. अकरा वाजत आले तशी आक्का पदराला हात पुसत फोनपाशी बसली. "बघ, नंबर अजून पाठ हाय माजा," ती म्हणाली आणि तिनं बोट घातलं. मी सहज तबकडीकडे आणि पेटीवर मामांनी चिकटवलेल्या जुन्या नंबराच्या चिठ्ठीकडे बघत होतो. पहिले दोन आकडे बरोबर आले. तिसरा चुकला. मग तिनं दुसरा आकडा पुन्हा फिरवला, थोडी थांबली, आणखी एक फिरवला आणि बोट काढून घेतलं. पाचच आकडे झाले होते. आता सांगावं तर कसं, या विचारात मी पडलो, तोवर पलीकडून मामांचा आवाज आला. "हायस ना?" तिनं विचारलं. तिनं वालाची उसळ केली आहे हे सांगितलं आणि फोन ठेवला. "डोळं गेलं, पर बोट इसारलं न्हाय," ती मला म्हणाली.

मी ओट्यावर जाऊन मामांना मोबाइल लावला. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. "पेटीत दिसतं मला, ती काय फिरवते ते," मग ते म्हणाले. "होळीपासून चुकतेय. आधी मी तिच्या एकेका चुकीचा नियम लिहीत गेलो. हा नंबर आला तरी मला लाव, तो आला तरी मला लाव. रोज नवी चूक. शेवटी सगळे पुसले आणि एकच लिहिला, की ती काहीही फिरवो, मलाच लाव." मी दारातून आत आक्काकडे बघितलं. "तिला सांगू नका," मामा म्हणाले. "तिला वाटतं, तिलाच येतोय."

आत आलो तर आक्का माझं पान वाढत होती. वाटी चाचपून तिनं उसळ घातली आणि विचारलं, "तुला येतो का रे त्याचा नंबर?" मी म्हणालो, नाही, मोबाइलमध्ये आहे. "आनि बायकोचा?" मी तोही मोबाइलमध्येच असल्याचं सांगितलं. तिला माझी दया आली असावी, कारण तिनं न विचारता आणखी एक डाव वाढला. मी जेवत होतो, उसळ फार चांगली झाली होती. पण माझीही बोटं कधीतरी अशी विसरतील, तेव्हा मी फिरवलेले चुकीचे आकडे आपल्या घराकडे वळवून घेणारं कोण असेल, ते मला आठवता येईना.