रुखमाच्या सोनेरी गोळ्या

दवाखान्यात नोकरी केली की औषधांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. औषधं निदान संपतात तरी! पन्नासच्या दशकात चिमूरकडच्या जंगलात, दोन खोल्यांच्या दवाखान्यात मी नर्स होते. तिथली रुखमा आजही दुपारी डोळा लागता लागता समोर येऊन बसते.

*

रुखमाच्या पाच वर्षांच्या मुलीचा, मैनाचा, वरचा ओठ जन्मतःच दुभंगलेला. ग्रहणात आपण कोहळं चिरलं म्हणून असं झालं, ही टोचणी रुखमाला तेव्हापासून होती. आता पुन्हा दिवस गेले होते.

"डाक्टरसायेब, याचा ओठ तरी धड राहीन न?"

आईला जीवनसत्त्वं कमी पडली तर असं होत असावं, असं डॉक्टरांनी कुठंतरी वाचलं होतं. त्यांनी तीन दिवसांपुरत्या ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या काढल्या. "खात्री देत नाही, पण घेऊन बघ."

गोळी उन्हात धरली की आत मध भरल्यासारखा दिसायचा. रुखमा बघतच राहिली.

"दोन दोन देऊन द्या!"

"रोज एकच! जास्त घेतल्यानं जास्त चांगलं होत नाही."

*

तीन दिवसांनी मी विचारलं, "घेतल्यास का?"

"संपल्या न! पह्यली देवीले, दुसरी सासूले, तिसरी गाईले."

"गाईला कशाला?"

"तेबी गाभन हाये न, बाई!"

तेव्हापासून रोज दवाखान्यात येऊन माझ्यासमोर गोळी गिळायची, असं ठरलं.

*

ग्रहणाच्या दिवशी ती मैनाला घेऊन सकाळीच हजर. घरी चुकून विळ्याला हात लागेल म्हणून! अंगणात मोहाच्या झाडाखाली उन्हाचे कवडसे चंद्रकोरीसारखे झाले होते. मैना ते फ्रॉकमध्ये वेचत होती.

आत डॉक्टरांनी एकाचं गळू फोडायला चाकू घेतला, तशी रुखमा ओरडली, "आज कापू नका, सायेब!"

"अगं, गरोदर तू आहेस, मी नाही!"

गळूवाला मात्र रुखमाच्या बाजूनं झाला. उद्या येतो म्हणून तो पळालाच.

*

एकदा बाजारात मुलांनी चिडवलं म्हणून मैना रडत आली. आमचे कंपाउंडर रहीमभाई पुड्या बांधता बांधता म्हणाले, "रडतं काऊन, बेटा? कळी उमलते तसा तुहा ओठ उमलला. बाकीच्याईचा अजून बंदच हाये!"

मैनानं डोळे पुसले. मग दिवसभर आमच्या आरशात बघत बसली.

*

रुखमाला मुलगा झाला. ओठ अखंड! गोळीनं की नशिबानं, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. रुखमा हसत-रडत त्या ओठावरून बोट फिरवत होती.

मैनानं वाकून भावाकडे बराच वेळ पाहिलं. तिचं तोंड उतरलं. माझा पदर ओढून ती हळूच म्हणाली,

"बाई, याचा तं उमललाच नाई. मायनं एक गोळी गाईले देल्ली म्हून काय?"