तो बसमधून उतरला नाही

माझ्या मित्राची नोकरी गेली ती माझ्यामुळे. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. ती अजून कंपनीलाच शिव्या घालते. मी गप्प बसतो. गप्प बसणं मला चांगलं जमतं.

आम्ही दोघं बिबवेवाडीतून कंपनीच्या एकाच बसने जायचो, आयटी पार्कच्या रस्त्याला ज्वारीची शेतं होती तेव्हापासून. खिडकी त्याची, कडेची जागा माझी. कोणी नवखा तिथे बसलाच तर मागून आवाज यायचा, "रिझर्व्हेशन आहे साहेब. वाचता येत नसेल तर विचारावं माणसाने." तिथे काहीही लिहिलेलं नसायचं.

मग एका परदेशी कंपनीने आमची कंपनी घेतली आणि फेररचना सुरू झाल्या. आम्ही त्याला रीऑर्ग म्हणायचो. वर्षातून दोन-तीनदा तरी यायचाच. साहेब बदलायचे, टीमचं नाव बदलायचं, मजला बदलायचा. केक कापायचा, फोटो काढायचा आणि आपला मग, चार्जर, टेबलावरचा छोटा गणपती खोक्यात भरून दुसऱ्या मजल्यावर न्यायचा. तिथे नव्या साहेबापुढे पुन्हा पहिलीपासून शाळा. माझ्या मित्राने पुढेपुढे खोका उघडणंच सोडलं. "राहू दे रे बाप्पाला आत," म्हणायचा, "त्यालाही सारखी प्राणप्रतिष्ठा झेपत नसेल."

टीम पाडायच्या बैठकीत मी असायचो. मला फार अधिकार होता असं नाही. कुठल्याच साहेबाला मी हवा नव्हतो, म्हणून कोणाला कुठे बसवायचं याचा तक्ता मांडायचं काम माझ्याकडे आलं होतं. लहानपणी गल्लीत क्रिकेटच्या टीम पाडताना मी शेवटी उरायचो, "घे रे तूच याला" म्हणून कोणाच्या तरी गळ्यात पडायचो. इथेही तेच. आणि तो? खुर्च्या सरकवायच्या आधीच साहेब लोक म्हणायचे, "तो आम्हाला द्या." एकदा दोघं त्याच्यावरून इतके भांडले, की शेवटी "घ्या अर्धा-अर्धा" असा तोडगा निघाला. सगळे हसले. मीही हसलो आणि त्याचं नाव तक्त्याच्या दोन चौकटींत टाकलं. आतून मात्र जळत होतो. मला तर कोणी अर्धंसुद्धा मागितलं नव्हतं.

अर्धा-अर्धा म्हणजे पूर्ण दोन, हे कळायला हुशारी लागत नव्हती. जुनं काम कोणी काढून घ्यायचं नाही, नवं मात्र वर चढायचं. बसमध्ये तो तोंड उघडं टाकून झोपायचा. डोकं काचेवर आपटलं तरी जाग यायची नाही. एकदा म्हणाला, "आज लिफ्टमध्ये कुठलं बटण दाबायचं तेच आठवेना." मी हसण्यावारी नेलं. मनात म्हटलं, मजला विसरण्याइतकी मागणी तरी आहे लेकाला.

पुढचा रीऑर्ग येतोय अशी कुजबुज सुरू झाली तेव्हा त्याने मला बसमध्येच विचारलं, "तू असतोस ना त्या बैठकीत? सांग ना, मला एकच काम द्या म्हणावं. पगार वाढवू नका हवं तर."

"तूच सांग की."

"कोणाला सांगू? एकाला समजावेपर्यंत तो बदलतो. आणि मी बोललो की रडगाणं वाटतं, राव. तू सांगितलंस तर ऐकतील."

"सांगतो," म्हणालो.

मला काही सांगावंच लागलं नाही. नव्या आलेल्या मॅडमनी आपणहून विषय काढला. "यांच्यावर फार होत नाहीये ना? तुम्ही एकाच बसने येता. एक काम काढून घेऊ का?"

मला फक्त हो म्हणायचं होतं. मी म्हणालो, "छे मॅडम, आवडतं त्याला. काम नसलं की बेचैन होतो." आवाजसुद्धा हलला नाही. त्याला तिसरी चौकट मिळाली.

संध्याकाळी त्याने विचारलं, "बोललास?"

"बोललो. नाही म्हणाल्या."

 तो माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "तू बोललास तरी."

त्यानंतर काही आठवड्यांनी बस गेटपाशी थांबली, सगळे उतरले, तो उतरला नाही. मला वाटलं झोपलाय. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, हापिस आलं की. उतरायचं हाय ना?"

"नाही. तुम्ही कुठे जाता आता?"

"कात्रजला, गाडी लावायला."

"मग चला कात्रजला."

गळ्यातलं ओळखपत्र हातात धरून मी गेटपाशी उभा होतो. तो रडत नव्हता. काचेला डोकं टेकून शांत बसला होता. खरं सांगतो, तेव्हाही मला त्याचा हेवाच वाटला. थकलो मीही होतो, पण बसून राहायची हिंमत त्याची होती. बस वळली, मी कार्ड लावलं आणि आत गेलो.

तो परत आला नाही. डॉक्टर, गोळ्या, लांबलेली रजा, मग राजीनामा. मॅडम हळहळल्या, "कोणी आधी सांगायचं तरी." माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुमच्याही लक्षात आलं नाही?" मी नाही म्हणून मान हलवली. त्याचं एक काम माझ्याकडे आलं. पहिल्यांदाच मला कोणीतरी मागून घेतलं होतं, आणि त्या दिवशी मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

परवा तो भाजी बाजारात भेटला, मेथी निवडून घेत होता. आता घर तो बघतो, नोकरी वहिनी करतात. पुन्हा कुठे अर्ज केलास का, असं मी विचारलं. "कोण घेणार मला?" तो हसत म्हणाला. "एकच काम द्या म्हटलं, तर तेही नाही म्हणाले. म्हणजे आपली किंमतच नव्हती रे तिथे. बायकोला सांगत असतो, माझ्यासाठी बोलला तो तू एकटा."

मी त्याची पिशवी रिक्षापर्यंत उचलून दिली.

कंपनीत सगळ्यांना तोच हवा होता. त्याचं काम कमी करू का, असं मॅडमनी विचारलंही होतं आणि मीच नको म्हणालो होतो. हे त्याला त्याच्या घरी जाऊन, वहिनींसमोर सांगायचं मी देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.