वाघोलीतला ऑनसाइट नवरा

पूर्णिमा देवतळे यांचे यजमान अमेरिकेत असतात, हे बिबवेवाडीतल्या त्यांच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं. अमेरिकेत कुठे, हे मात्र कोणी विचारलं नाही. त्या काळात पुण्यातल्या प्रत्येक इमारतीत एखादा तरी नवरा कंपनीच्या कामासाठी परदेशी, म्हणजे ऑनसाइट, असायचाच. नसला तर इमारतीच्या दर्जाबद्दल शंका यायची.

शंभू देवतळे पुण्याच्याच दुसऱ्या टोकाला, वाघोलीला राहत होता.

दोन हजार तीन साली तो दोन बॅगा घेऊन घरातून निघाला, तेव्हा भांडण असं काही झालेलं नव्हतं. दोघं वेगवेगळ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत होते. त्याची ड्युटी अमेरिकेच्या घड्याळावर, तिची पुण्याच्या. भांडायलाही दोघांनी एका वेळी जागं असावं लागतं. एका रविवारी तसे ते जागे होते, तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं की बोलण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि चहा पिता पिता वेगळं राहायचं ठरलं. फाटकाशी सोसायटीचे सेक्रेटरी रंगनाथ दातार उभे होते. त्यांनी बॅगा पाहिल्या आणि विचारलं, "काय, ऑनसाइट?" पुण्यात प्रश्नातच उत्तर घालून देण्याची सोय असते. शंभू "हो" म्हणाला आणि रिक्षात बसला.

म्हणजे मूळ खोटं पूर्णिमाचं नव्हतंच. तिनं ते फक्त सांभाळलं. कॅम्पातल्या दुकानातून परदेशी चॉकलेटं आणायची, त्यांवरची रुपयांतली किंमत नेलपॉलिश काढायच्या द्रावणानं पुसायची आणि चार घरांत वाटायची. "तिकडच्या दुधाची चवच वेगळी," असं दातारकाकू म्हणाल्या होत्या.

घटस्फोट राहून गेला. आधी नणंदेचं लग्न व्हायचं होतं. मग शंभूच्या आईची, इंदुबाईंची, अँजिओप्लास्टी झाली. मग सवय झाली. इंदुबाई दरवर्षी दिवाळीला हिंगणघाटहून यायच्या. त्या यायच्या आदल्या दिवशी शंभू बॅग घेऊन हजर व्हायचा. दारात चपला, बाथरूममध्ये दाढीचा ब्रश, गॅलरीत वाळणारा त्याचा टॉवेल. आईच्या समजुतीप्रमाणे तो कायम इथेच होता आणि सोसायटीच्या समजुतीप्रमाणे सुट्टीवर आलेला होता. इंदुबाईंचे गुडघे दुखत, त्या खाली उतरत नसत. त्यामुळे दोन्ही समजुतींची जिन्यात गाठ पडली नाही. लक्ष्मीपूजनाला दोघं जोडीनं पाटावर बसत. फोटोही चांगले येत. दिवाळी संपली की ब्रश बॅगेत जायचा आणि घर पुन्हा वर्षभरासाठी मोठं व्हायचं.

उरलेल्या वर्षात पूर्णिमा रविवारी मंडईत जायची. पाव किलो भेंडी मागितली की भाजीवाली म्हणायची, "पावानं काय हुतंय ताई? घरात माणसं किती?"

"दोन."

मग अर्धा किलो घ्यावी लागायची, आणि गुरुवारपर्यंत निम्मी टाकून द्यावी लागायची. एक माणूस, असं तिनं कधी कोणाला सांगितलंच नव्हतं. फोन वाजला तर बहुधा क्रेडिट कार्डवाल्या मुलीचा असायचा. त्या मुलींशी पूर्णिमा जरा जास्तच वेळ बोलायची.

दोन हजार सात साली, अडतिसाव्या वर्षी, तिनं देश सोडायचं ठरवलं. कारण विचारलं असतं तर तिला नीट सांगता आलं नसतं. एकटं राहणं तिला जमत होतं. एकटं नसल्यासारखं राहणं जमेनासं झालं होतं.

मंडईच्या मागे पहिल्या मजल्यावर हिंमतराव नावाचे निवृत्त बँक अधिकारी व्हिसाचा सल्ला देत. खोलीत खालच्या कोथिंबिरीचा वास आणि भिंतीवर जगाचा नकाशा.

"मार्ग तीन," हिंमतराव म्हणाले. "कंपनीच्या वर्क परमिटवर जा. कंपनीनं काढलं की परत या. विद्यार्थी म्हणून जा. या वयात डबा घेऊन वर्गात बसायची तयारी असेल तर. नाहीतर कॅनडाची कायमची वस्ती. शिक्षण, अनुभव, इंग्रजी, वय, सगळ्याला गुण. वेळ लागतो, पण पुन्हा कोणाला विचारायला नको."

"कायमची."

"सगळ्यांना तीच हवी असते. मिस्टर काय करतात?"

"वेगळे राहतो आम्ही. चार वर्षं."

"शिक्षण काय त्यांचं?"

"एम.टेक."

हिंमतरावांनी चष्मा काढला. "मग घेऊन जा की, बाई! एम.टेक. नवऱ्याचे गुण वेगळे मिळतात. लोकांना बीकॉम नवरे असतात, तरी नेतात."

"नाही न्यायचं."

"तिकडे उतरल्यावर सोडा."

"सोडलंय म्हणून तर जायचंय."

हे त्यांना पटलं नाही, पण फी परत करायचा त्यांचा रिवाज नव्हता. त्यांनी हिशेब मांडला. नवऱ्याशिवायही ती काठावर बसत होती. "आता पुरावा. घर दोघांच्या नावावर, खातं जोडीचं, विजेचं बिल त्यांच्या नावाचं. कागदावर तुमच्याइतका सुखी संसार मी पाहिला नाही. वेगळे राहताय, असं तुम्हा दोघांशिवाय तिसऱ्या कोणी प्रतिज्ञापत्रावर सांगितलं तर बरं. दोघांना ओळखणारं माणूस हवं. आहे ना कोणी?"

"आहे," पूर्णिमा म्हणाली, आणि स्वारगेटपर्यंत चालत गेली.

कोणी नव्हतं. ऑफिसात तिनं अमेरिकाच सांगितली होती, कारण दातारांची पुतणी तिथेच दुसऱ्या विभागात बसायची. नाशिकच्या भावालाही तेच. चार वर्षं ती एकटी राहिली होती आणि ते इतकं नीटनेटकं झालं होतं की साक्षीदारच उरला नव्हता.

शेवटी ती दातारांकडे गेली. खरं सांगायचंच, असं ठरवून. "काका, व्हिसासाठी एक कागद हवा होता. आमच्या दोघांबद्दल..."

"अहो, द्या की इकडे!" दातार उठून पेन शोधू लागले. "असा आदर्श संसार पाहिला नाही, असं लिहितो. इतकी वर्षं तिकडे राहून माणूस दर दिवाळीला घरी येतो, चेष्टा आहे? सोसायटीचा शिक्का मारू का?"

"शिक्का नको," पूर्णिमा म्हणाली. चहा पिऊन परत आली.

दिवाळीत इंदुबाई आल्या. भाऊबिजेला शंभू बहिणीकडे चिंचवडला गेला. दुपारी स्वयंपाकघरात दोघीच होत्या. इंदुबाई खुर्चीवर बसून चिवड्यातले शेंगदाणे वेगळे काढत होत्या. दात राहिले नव्हते.

"आई," पूर्णिमा म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचंय. शंभू इथे राहत नाही."

"मले मालूम हाय न."

शेंगदाणे निवडणं चालूच राहिलं. पूर्णिमानं ओट्याला टेकून विचारलं, "कधीपासून?"

"दुसऱ्याच दिवाईपासून. त्यानं मले इचारलं, आई, साखर कुठं हाय? आपल्या घरातली साखर पावण्या बाईले कोन इचारते, बापा?"

"मग बोलला का नाहीत?"

इंदुबाईंनी आणखी एक शेंगदाणा बाजूला काढला. "तुम्ही दोघं एवढं मन लावून करत होते. त्याचा टावेल, त्या चपला. त्याच्या बापानं जलमभर संग राहून माह्यासाठी एवढं नाही केलं. म्या म्हनलं, चार दिवस होते तर होऊ द्या. घरी गेल्यावर कोन हाय मले तरी?"

पूर्णिमानं कागद पुढे ठेवला आणि वाचून दाखवला. माझा मुलगा व सून चार वर्षांपासून विभक्त राहतात, हे मला प्रत्यक्ष माहीत आहे. इंदुबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"यावर सही केली की तू जाशीन."

"जाईन."

"मंग दिवाईले मी कुठं येऊ?"

याचं उत्तर हिंमतरावांच्या तिन्ही मार्गांत नव्हतं. इंदुबाईंनी तेलकट बोटं पदराला पुसली आणि एकेक अक्षर वळवत सही केली. मग म्हणाल्या, "आता चहा टाक. साखर मीच घेतो, मले ठाव हाय." दुसऱ्या दिवशी रिक्षातून दोघी नोटरीकडे जाऊन आल्या. गुडघ्यांबद्दल इंदुबाई अवाक्षर बोलल्या नाहीत.

व्हिसा यायला आणखी दीड वर्ष गेलं. मधल्या दिवाळीला कोणीच आलं नाही. कंदील पूर्णिमानं एकटीनं लावला आणि एकटीनं उतरवला.

जायच्या आठवड्यात फाटकाजवळच्या फळ्यावर दातारांच्या वळणदार अक्षरात सूचना लागली: "आपल्या सभासद सौ. पूर्णिमा देवतळे आपल्या पतीकडे कायमच्या वास्तव्यासाठी परदेशी रवाना होत आहेत. विरह संपल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. जाण्यापूर्वी देखभाल शुल्क भरल्याबद्दल आभार."

पूर्णिमानं ती दोनदा वाचली. कॅनडा आणि अमेरिका हे वेगळे देश आहेत, एवढं तरी सांगावं असं वाटलं. पण मग बाकीचंही सांगावं लागलं असतं.

वॉचमन पोपट खुर्चीतून उठला. "ताई, आता साहेबांना एकटं राहायला लागनार नाही. आमचा नमस्कार सांगा त्यांना."

"सांगते."

घरी आल्यावर तिनं वाघोलीला फोन लावला. बांधलेल्या सामानानं भरलेल्या खोलीत तिचा आवाज घुमत नव्हता, हे तिला नवीन होतं.

"पोपटनं नमस्कार सांगितलाय."

"कोणाला?" शंभूनं विचारलं.

"तुला. अमेरिकेत."

"माझाही सांग त्याला," तो म्हणाला.