पुढच्या सीटची पाठ

"काय ते पटाकदिशी बोला की!" गाडीचा हँडब्रेक ओढायच्या आत हे वाक्य खिडकीतून आत यायचं, आणि पाठोपाठ त्यांचा हात. तो हात सीट दाबायचा, शिवण चाचपायचा, आणि आपण तोंड उघडेपर्यंत काम काय आहे ते त्यांना कळलेलं असायचं.

उचगावच्या रस्त्याला त्यांचा गाड्यांच्या सीटा शिवायचा गाळा होता. सगळे त्यांना मामा म्हणत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, जिवाला म्हणून स्वस्थता नाही. चहा उभ्यानं, भाकरी उभ्यानं, शिवणयंत्रावर बसले तरी एक पाय दाराकडं. विचारलं तर म्हणायचे, "बसलो की मला कायतरी हुतंय, पावणं."

दोन वर्षांपूर्वी आईचा पाय मोडला. मांडीपासून घोट्यापर्यंत सरळ प्लास्टर. अशातच वारणानगरहून मावसभावाचा फोन आला. त्याची आई, म्हणजे माझी थोरली मावशी, शेवटच्या घटका मोजत होती. "सारखं तुझ्या आईचं नाव घेतेय. लगेच निघा."

पाय लांब करून आई गाडीत मावेना. अँब्युलन्स म्हटलं तर भडकली. "त्या गाडीतनं उतरले तर मला बघूनच जाईल ती!"

मी गाडी तडक मामांकडं नेली. कारण सांगितलं आणि म्हणालो, पुढच्या डाव्या सीटची पाठ काढा, आई मागं बसेल, पाय पुढच्या गादीवर ठेवेल. मामांनी बॉनेट उघडलं, बॅटरीची वायर सोडली आणि उभे राहिले.

"आता?"

"आता धा मिन्टं थांबायचं."

मामा आणि थांबायचं! मला वाटलं चेष्टाच करतायत.

"ह्या पाठीत एअरबॅग हाय. करंट मरूस्तवर हात लावायचा न्हाय. एकदा लावलता." त्यांनी डावा कान धरला. "ह्यातनं आजून ऐकू येत न्हाय."

"अहो, तिकडं माणूस चाललंय!" मी ओरडलो. आणखी काय काय बोललो ते आठवलं की लाज वाटते. रस्त्यावरची चार माणसं वळून बघायला लागली. मामा हलले नाहीत, नुसता पान्हा या हातातून त्या हातात करत राहिले. दहा मिनिटं भरली आणि मग जे सुटले! बोल्ट, एअरबॅगची पिवळी वायर, की पाठ बाहेर. वर आईच्या टाचेखाली घालायला फोमचा तुकडा कापून दिला.

वारणानगरला पोचलो तेव्हा दारात बायका रडत होत्या. मावशी नुकतीच गेली होती. "धा मिन्टंबी झाली न्हाईत," कुणीतरी म्हणालं, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. आईला धरून आत नेलं. ती मावशीचा हात हातात घेऊन बसून राहिली.

प्लास्टर निघाल्यावर आईला घेऊन पाठ बसवायला गेलो. त्या दहा मिनिटांचं मामांना तोंडावर सुनावायचं, हे मी दीड महिना घोकत होतो. गाडी थांबली. मामा मागच्या खिडकीशी आले, पण या वेळी हात आत आला नाही.

"आक्का," ते आईला म्हणाले, "भईन भेटली न्हवं? दीड म्हैना झोप न्हाय बगा. ती धा मिन्टं डोसक्यातनं जाईनात."

मी तोंड उघडलं. मागून आईनं माझा दंड दाबला.

"भेटली की, दादा. हात हातात घेतला मी तिचा."

मामांनी गळ्यातल्या टॉवेलनं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होते.

परतताना मी चिडलो. "खोटं कशाला सांगितलंस?"

"खोटं कुठं?" आई म्हणाली. "हात गरम हुता की अजून."

यंदा मामा गेले. रात्री झोपले ते झोपेतच गेले म्हणतात. आईला सांगितलं तर ती डोळे पुसत कितीतरी वेळ "झोप लागली म्हणायची, बरं झालं" असंच म्हणत राहिली.