ग्रंथपाल मॅडम आणि जतचे लेखक

आमच्या ग्रंथपाल मॅडम शाळेचं तोंडही न पाहिलेल्या माणसाला 'लेखक' म्हणायच्या. जतकडचा एखादा म्हातारा मेंढपाळ आमच्या सांगलीच्या कॉलेजात आला, की उठून म्हणायच्या, "या, लेखक आले!" आम्ही हसायचो. त्या मात्र चेष्टा करत नसत.

मी तेव्हा जतच्या कुरणांवर पीएच.डी. करत होतो. मार्गदर्शक सरांनी एक प्रकरण परत केलं. "परदेशी संदर्भ कुठं आहेत? मेंढपाळांच्या गप्पांना संशोधन म्हणत नाहीत." मी ते मॅडमना दाखवलं. त्या भडकल्या. "इंग्रज जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ज्ञान कशाला म्हणायचं ते तिकडूनच ठरून येणार का?"

मग त्या सुट्टीच्या दिवशी एसटीनं जतला जाऊ लागल्या. कुठल्या गवतानं मेंढ्या अंग धरतात, टँकर नव्हते तेव्हा पाणी कसं राखायचे, हे सगळं म्हाताऱ्यांच्या मराठी-कानडीत त्यांनी ध्वनिमुद्रित केलं. ते ग्रंथालयाच्या संगणकावर साठवलं; लेखक म्हणून नाव त्या त्या माणसाचं. माझ्या प्रबंधात ते संदर्भ मान्य झाले, तेव्हा मॅडमनी पेढे वाटले.

प्रत काढून ठेवायला त्यांनी दुसरी डिस्क मागितली होती. 'ही पुस्तकं नव्हेत, ग्रंथालयाच्या निधीत बसत नाहीत,' असं उत्तर आलं. पुढं मूल्यांकन समिती येणार म्हणून परदेशी नियतकालिकांसाठी नवं दालन सजलं. मॅडम आजारी आईजवळ पाटणला होत्या. तेवढ्यात त्यांची खोली रिकामी करून ध्वनिमुद्रणांसकट जुना संगणक भंगारात गेला.

आम्ही इस्लामपूरपर्यंतचे भंगारवाले पालथे घातले. एका ढिगात मॅडमचा हात पत्र्यानं कापला, तरी त्या उपसतच राहिल्या.

"मॅडम, बास आता."

"यातली निम्मी माणसं गेली रे. आता कुणाला विचारू?"

काहीच सापडलं नाही.

काही महिन्यांनी जतहून एक बाई आल्या. त्यांचे वडील बिरूअण्णा मॅडमच्या लेखकांपैकी एक होते; नुकतेच गेले होते. "बाचा आवाज ऐकायचा हाय. पोरास्नी बी ऐकवीन म्हनते."

काय झालं ते मी सांगितलं. मॅडमनी बाईंचा हात धरला. "ताई, अण्णा पाण्याचं सांगायचे, त्यातलं तुम्हाला काही आठवतं का? थोडंसं तरी?"

"न्हाई वं," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडं हाय म्हनून आमी कवा ध्यानात ठेवलंच न्हाई."