पहिलं फावडं

आमच्या जुनी इंदूरच्या आखाड्यात नागपंचमीला माती नव्यानं खणतात. तीत हळद, तेल, ताक घालतात. पहिलं फावडं मारायचं ते सगळ्यात वयस्कर पहिलवानानं. माझ्या आधीचे सगळे गेले. या साली तो मान माझा होता. तेवढ्यासाठी मी ऑपरेशनला तयार झालो, नाहीतर कोणाच्या बापाचं ऐकलं नसतं.

जांघेतली गाठ कितीतरी वर्षांची. उभा राहिलो की बाहेर, आडवा झालो की आत. आम्हा पहिलवानांत त्यावर इलाज एकच, लंगोट कसून बांधणं. मी एकावर एक दोन बांधायचो. सुदामा नगरात मुलाकडे राहायला आलो तरी पायजम्याच्या आत लंगोट होताच. पण हल्ली गाठ आत जाताना त्रास देऊ लागली. मुलानं धरून डॉक्टरसमोर बसवलं.

डॉक्टर माझ्या मुलाहून लहान. म्हणाला, “काकाजी, हर्निया आहे. आतडं उतरतं. इतकी वर्षं केलं काय?”

“लंगोट बांधला.”

“लंगोटानं भोक बुजत नाही.”

“नसेल बुजत. कुस्त्या तर मारल्या न!”

मुलगा म्हणाला, “बाबा, आता डॉक्टरसाहेबांशी पण कुस्ती?”

तीन बारीक छिद्रं पाडायची, दुर्बीण घालायची, आतून जाळी बसवायची, दुसऱ्या दिवशी घरी. मी एकच विचारलं, नागपंचमीला फावडं मारता येईल का? डॉक्टर म्हणाला, चाला-फिरा लगेच, पण मी सांगेपर्यंत जोर लावायचा नाही. नागपंचमी तर जवळ आलेली. मी मनात म्हटलं, बघू.

शुद्धीवर आलो तर पोटाहून जास्त खांदा ठणकत होता. सिस्टरला विचारलं, “मला टेबलावरून पाडलं का?” ती हसली. पोटात गॅस भरतात, त्याची कळ खांद्यात येते म्हणे. येत असेल. पण ती कळ माझ्या ओळखीची होती. कुस्त्यांच्या दंगलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा असाच धरायचा, आणि आखाड्यातला माझा जोडीदार शिव्या देत देत तेल चोळायचा. तो जाऊन जमाना झाला. मी डोळे मिटून पडून राहिलो. दुखण्याची गोळी दिली ती उशीखाली सारली. घरी आल्यावर एका सकाळी कळ गेली, तर मला सुनंसुनं वाटलं.

नागपंचमीला मुलानं ऑटो केला. आखाड्यात हल्लीच्या उस्तादानं फावडं माझ्या हाती दिलं. “मारो बाबूजी, पैला हाथ आपका.” मुलगा दाराशी उभा. ‘नका’ म्हणाला असता तर मी मारलंच असतं.

फावडं खांद्यापर्यंत उचललं. पोटात आतून ओढ बसली. बांधायला लंगोटही नव्हता, डॉक्टरनं मना केला होता. सगळे बघत होते. मी फावडं खाली घेतलं आणि उस्तादाला म्हटलं, “तू मार. आणि माझ्या नावानं नको, तुझ्याच नावानं मार.”

त्यानं मारलं. खालचा ओला थर वर आला, मुरलेल्या तेलाचा वास सुटला. मी काठाशी बसून हातानं ढेकळं फोडू लागलो. “राहू द्या न बाबूजी, आम्ही करतो,” कोणी म्हणालं. मी उठलो नाही.

घरी सून म्हणाली, “बाबा, हात धुऊन घ्या.”

म्हटलं, “जेवायच्या वेळी धुईन.”