खाऱ्या विहिरीचा केशरी

दर्यापूरच्या पुढे, पूर्णेच्या खोऱ्यात, जमीन काळी आणि विहिरी खाऱ्या. तिथल्या एका गावात खुशालराव कापूस पिकवायचे आणि रंगाची स्वप्नं पाहायचे. पळसाचा केशरी धुण्यात टिकत नाही, हे सगळं वऱ्हाड जाणून होतं. खुशालरावांनी मात्र फुलं तुरटीबरोबर दोन दिवस मुरवली, तिसऱ्या दिवशी उकळली आणि तो रंग धोतराच्या फडक्यावर बसवला. वीस धुण्यांनंतरही तो तिथेच होता, कुणी एखादी संध्याकाळ दोरीवर वाळत घालून विसरून जावं तसा.

एकोणीसशे एकतीस साल चालू होतं. अकोल्याच्या बाजारात विलायती रंगांचे डबे मिळायचे आणि डब्यावर पेटंटाचा आकडा छापलेला असायचा. खुशालराव त्या आकड्यावरून बोट फिरवत उभे राहत. या आकड्यामागे कुणा माणसाचं नाव आहे, तो माणूस कदाचित मेलाही असेल, आणि नाव कचेरीत जागं आहे. आपलंही नाव कलकत्त्याच्या पेटंट कचेरीत तसं राहावं, एवढंच त्यांना हवं होतं.

अमरावतीचे वकील भगवंतराव पेटंटाचे अर्ज लिहून देत. कृती अशी सांगा, ते म्हणाले, की परक्या मुलखातल्या माणसालाही ती वाचून तोच रंग मिळेल. खुशालरावांनी फुलांचं वजन सांगितलं, तुरटीचे तोळे सांगितले, उकळायचा वेळ सांगितला. अर्ज धाडण्याआधी वकिलांनी आपल्या परसातच ती कृती करायला लावली. कापड केशरी झालं आणि पहिल्याच धुण्यात पांढरं.

"हे तर होळीचं पाणी झालं, खुशालराव," वकील म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला, सुभद्राला, सगळं सांगितलं. ती भाकरी थापत ऐकत होती.

"पानी कोन्तं घेतलं?"

"पानी म्हंजे पानी. वकिलाच्या विहिरीचं."

"गोडं हाय थे. मी तुमच्या फुलाइले सदा खारं देल्लं. दोन कोसावरून डोक्यावर आनलेलं गोडं पानी काहून देऊ?"

बारा वर्षांच्या संसारात खुशालरावांनी एकदाही पाणी भरलं नव्हतं. रांजण भरलेला असायचा, जशी हवा असते. म्हणून त्यांच्या कृतीत पाणी होतं, पण ते कुठलं, हे नव्हतं.

खुशालरावांनी खाऱ्या विहिरीचं कळवलं, तेव्हा वकिलांचं उत्तर आलं की कलकत्त्याला तुमची विहीर पाठवता येणार नाही. पाण्यात काय आहे ते सांगा. खुशालराव वावरात बसून राहिले. चैत्रात तिथे मातीवर खार वर येतो, पांढरा, दुपारच्या उन्हात चांदण्यासारखा. तो त्यांनी खरवडून आणला. आता गोड्या पाण्यात किती घालायचा, हे पाहायचं होतं. सुभद्रानं सांगून टाकलं की तिच्या घागरीतला एक थेंबही मिळणार नाही. मग ते स्वतः कावड घेऊन नदीवर निघाले. वाळूत खणलेल्या झिऱ्यावरच्या बाया म्हणाल्या, "सुभद्रानं सून आनली वाट्टे."

चौदा महिने ते पाणी वाहत होते. चालताना कधी कधी वाटे, नदी आपल्या खांद्यावरून हळूहळू गावाकडे निघाली आहे. शेवटी घागरीला चार तोळे खार, हे प्रमाण जमलं. रंग बसला. भगवंतरावांच्या परसातही बसला.

त्या दिवशी सुभद्रा बरोबर होती. शोध लावणाऱ्याचं नाव, असं वकिलांनी विचारलं. खुशालरावांनी उलट विचारलं, दोन नावं चालतात का? चालतात, वकील म्हणाले, पण मग हक्कही दोघांचा. खुशालरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. आकड्यामागचा तो एकटा माणूस त्यांना दिसत असावा.

"दोनी लिवा," ते म्हणाले.

यांचा धंदा शेती, आणि बाईंचा काय लिहू, असं वकिलांनी विचारलं. खुशालराव तोंड उघडणार तोच दाराशी बसलेली सुभद्रा म्हणाली, "पानी भरनं, लिवा."

वकिलांना त्याला इंग्रजी शब्द सुचेना. टाक दौतीत बुडवून ते तसेच थांबले होते आणि खुशालराव पहिल्यांदाच तिच्याकडे असं पाहत होते, जणू ती फार लांबून चालत आली आहे.